सडेनिव्याचा उंबरा

सडेनिवे गावात नवा पाहुणा आला की पहिल्याच घराशी त्याचं पाऊल चुकतं. दाराशी आल्यावर माणूस सवयीनं पाय उचलतो, आणि इथं उचलून ओलांडायला काहीच नसतं. ओसरीची सारवलेली जमीन तशीच सपाट माजघरात जाते. गावात शंभरावर घरं आहेत, त्यांत आता स्लॅबचीही आहेत, पण एकाही दाराला उंबरा नाही. बाहेरून आलेला गवंडी दारात फरशीची पट्टी टाकायला जातो आणि म्हाताऱ्यांची बोलणी खातो.

गावाचा उंबरा एकच, तो वर सड्यावर. गावापासून चढून गेलं की कातळाचं मोठं सपाट मैदान लागतं, त्याला आम्ही सडा म्हणतो. त्याच्या पार पश्चिमेच्या कडेला, गावापासून दीड कोसावर, जिथून कोकणात उतरणारी पायवाट सुटते, तिथे काळ्या दगडाचा साडेतीन हात लांबीचा उंबरा आडवा पडलेला आहे. मधोमध कमळ कोरलेलं. त्याला ना चौकट, ना भिंत, ना छप्पर. पाहुणे विचारतात, इथं देऊळ होतं का, वाडा होता का? त्यांना आम्ही उंबऱ्याच्या अलीकडे बसवतो, आधी पाणी देतो आणि मग ठकूची गोष्ट सांगतो. गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका, माझ्या आजोबांच्या आजोबांनाही ती जुनीच वाटायची म्हणे.

ठकू ही निंबाजी पाथरवटाची बायको. तिचं माहेर सड्यापलीकडच्या वाडीतलं. लहानपणापासून गुरांमागे सडाभर हिंडलेली, त्यामुळे लग्न होऊन इकडे आली तरी तिचे पाय घरात ठरत नसत. पाणी भरायला म्हणून जायची आणि सड्यावर कुठली फुलं आली ते बघून यायची. सासू धोंडाई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधूनच हिच्या बापानं पाठवलीय. पण सासूला सून आवडायची, आणि हे बोलणंही अर्धं कौतुकाचंच असायचं.

ठकूला हौसा नावाची मुलगी झाली. ती दोन वर्षांची असताना आषाढात गावात तापाची साथ आली. तीन घरची मुलं गेली. हौसाही फणफणली, डोळे उघडीना, पाणी पोटात ठरेना. तेव्हा भिवा गुरव गावदेवी सडजाईचा अंगारा घेऊन आला आणि म्हणाला, काय बोलायचं ते देवीला बोला.

आमच्याकडे नवसाची रीत जरा कडक आहे. नारळ, कोंबडं कोणीही देतं. मोठं मागायचं असेल तर स्वतःला जे सोडवत नाही तेच द्यायचं. आणि गुरवानं तो नवस तीनदा मोठ्यानं म्हटला की मग त्यातला एक शब्दही मागं घेता येत नाही. ठकूकडे सोनं नव्हतं, गुरं नव्हती. सोडवत नव्हतं असं तिच्याजवळ एकच होतं. मुलीला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "सडजाई, माझी हौसा वाचू दे. ती मोठी हून सासरी जाईपातूर म्या घर सोडणार न्हाय. ह्यो उंबरा वलांडणार न्हाय."

गुरवानं ते तीनदा म्हटलं. तिसऱ्या दिवशी हौसानं डोळे उघडले आणि पेज मागितली.

धोंडाईनं नातीला पेज पाजली आणि मग सुनेजवळ येऊन बसली. "आगं येडे," ती म्हणाली, "बोलताना इचार केलास का? पोर सासरी जाईल तवाच तुजं दार उघडणार. मग तुज्यासंगं हिंडायला पोर कुटनं आणशील?"

ठकूनं मुलीच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. कपाळ गार होतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "सासरी जाण्याइतकी जगू द्या. बाकीचं बाकी."

तिचं घर म्हणजे तीन खण आणि मागं परसू. परसाला छातीएवढा दगडी गडगा होता आणि त्याला घरच धरत, म्हणून विहीर, न्हाणी आणि भाजीचे दोन वाफे तिला राहिले. गडग्याला टेकून मान वर केली की सड्याची नुसती कड दिसायची. तेवढ्यावर तिनं चौदा वर्षं काढली.

पावसात ते सोपं जायचं, तेव्हा सगळंच गाव घरात असतं. उन्हाळ्यातही निभायचं. कठीण जायचा तो आश्विन. पितृपक्ष सरतो, रिपरिप थांबते, सकाळी गवतावर दव आणि दुपारी चटका देणारं ऊन. खालच्या खाचरांत लवकर येणारं हळवं भात पिवळं पडतं. वर सड्यावर सोनकी, तेरडा, गेंद, कातळाच्या ओलीत निळी सीतेची आसवं, इतकं फुलतं की पाऊल कुठं ठेवावं ते कळत नाही. आणि हे सगळं पंधरा-वीस दिवसांचं असतं. नव्याच्या पुनवेला, म्हणजे आश्विनी पौर्णिमेला, सकाळी गाव तेव्हाही सड्यावर जायचं. पण जो तो आपापली शिदोरी घेऊन, आपापल्या माणसांत बसायचा आणि खाऊन परत यायचा.

हौसा पाच वर्षांची झाल्यापासून बापाबरोबर जायला लागली. परत आली की ओचा आईपुढे रिकामा करायची: फुलं, नाचणीचं कणीस, रानकाकडी, एकदा तर जिवंत चतुर. ठकू तिला बसवून विचारायची, मोठ्या तळ्यात पाणी किती आहे, जांभळीखालचा दगड दिसला का, खालचं कोकण आज दिसलं की धुक्यात होतं? मुलगी सांगायची आणि आई डोळे मिटून ऐकायची. ते दोघींचं सुखच होतं. घरात बसून आश्विन भोगायचा म्हटला तर तो असा.

मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली आणि आई कुणापायी घरात अडकलीय ते तिला कळायला लागलं. एके वर्षी ती लवकर परत आली आणि म्हणाली, "औंदा काय न्हाय गं आये. फुलंच न्हाईत." ठकूला ते खरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी शेजारीण दारात उभी राहून म्हणाली की असा सडा दहा वर्षांत फुलला नव्हता. ठकूनं मुलीला विचारलं तेव्हा हौसा मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली. पुढच्या वर्षी ती गेलीच नाही. डोकं दुखतंय म्हणाली आणि दिवसभर आईजवळ बसली.

त्या काळी मुलींची लग्नं लवकर व्हायची. हौसाचं लवकर झालं असतं तर नवसही लवकर फिटला असता, हे गावात सगळ्यांना दिसत होतं. पण स्थळ आलं की ठकूच म्हणायची, एवढं वर्ष जाऊ दे. स्वतःच्या हातानं स्वतःचं दार आणखी वर्षभर लावून घेणारी बाई गावानं दुसरी पाहिली नव्हती. शेवटी हौसा सोळा वर्षांची झाली, आणि कड्याखालच्या कोकणातल्या गावात तिचं ठरलं. तुळशीचं लग्न झालं की हिचं.

म्हणजे हा शेवटचा आश्विन होता. पुनवेला आठ दिवस राहिले तेव्हा हौसानं उघडच सांगितलं, आपण यंदाही जाणार नाही.

"जा की गं," ठकू म्हणाली. "परत सासरची मानसं कवा धाडतील, न धाडतील."

"तू न्हाईस तितं मला काय करायचंय?"

"नवस माजा हाय. तुज्या पायात कशाला बांदून घेतेस?"

"तू बांदून घेतलास तवा मला इचारलं हुतंस व्हय?" असं म्हणून मुलगी परसात निघून गेली.

त्या दिवशी चौदा वर्षांत पहिल्यांदा ठकू नवसासाठी रडली. आजवर तिनं स्वतःचे पाय दिले होते आणि त्याचं तिला दुःख नव्हतं. आता देवीनं मुलीचेही पाय घेतले असं तिला वाटलं. मुलीला वाचवलं ते घरात कोंडून ठेवायला का, हा विचार तिला सोडीना.

निंबाजी ओसरीवर दगड घडवायची टाकी परजत बसला होता. हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले पाच दगडाशी. त्यानं सगळं ऐकलं. उठला आणि दाराशी उकिडवा बसून उंबऱ्यावर हात फिरवू लागला. तो उंबरा त्यानंच घडवला होता, कमळ त्यानंच कोरलं होतं, ठकू लग्न होऊन आली तेव्हा तिनं माप ओलांडलं ते त्याच दगडावरून.

"ह्यो काडून टाकतो," तो म्हणाला. "वलांडायला कायच ऱ्हायलं न्हाय, मंजे नवस मोडला न्हाय."

ठकूनं डोळे पुसले. "देवीला असं बोलण्यात धरायचं व्हय? तिनं पोर देताना असं धरलं हुतं का? घर सोडणार न्हाय असं म्या मनापासनं बोलले. घर सोडून म्या येणार न्हाय."

निंबाजी परत टाकी परजायला बसला. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी जेवताना, भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात घालण्याआधी, तो म्हणाला, "मग घरच वर नेऊ."

सगळ्यांना वाटलं, थट्टा करतोय. पण निंबाजीनं आयुष्यात कधी थट्टा केली नव्हती. घर म्हणजे काय, तर उंबरा, चूल, देव्हाऱ्यातले देव आणि माणसं. एवढं सगळं वर गेलं तर भिंती खाली राहिल्यानं काय बिघडतं, असं त्याचं म्हणणं. गोष्ट गावात पसरली आणि लोक घाबरले. उंबरा उपटलेल्या घरात लक्ष्मी राहत नाही असं तेव्हा मानत, आणि अशा घरची मुलगी कोकणातली माणसं करून घेतील का, हीही धास्ती होती. ठकूची भीती याहून साधी होती. यात काही खोट निघाली तर ती हौसाच्या जिवाला भोवेल.

म्हणून कौल लावला. भिवा गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गाव सकाळपासून देवळात बसलं. दुपार झाली, ऊन कललं, आणि एकही पाकळी हलेना. गुरवानं हात टेकले. देवी बोलत नाही म्हणाला.

धोंडाई काठी टेकत उठली. तेव्हा ती पंचाहत्तरीची असावी. "न्हाय म्हणली का ती?" तिनं विचारलं. "न्हाय म्हणायची असती तर एका पाकळीचं काम हुतं. तिला बघायचं आसंल, आपुन काय करतो त्ये." आणि घरी येऊन सुनेला म्हणाली, "ठके, पोरीच्या जिवाला काय हुत न्हाय. व्हायचं तर माज्या जिवाला हू दे, मी म्हातारी पुढं चालते." मग ठकूला नाही म्हणवेना.

नव्याच्या पुनवेला सकाळी निंबाजीनं पहारीनं उंबरा सुटा केला. चौघांनी तो वाशांवर बांधून खांद्यावर घेतला. ठकू घराच्या आतच उभी होती. उंबरा पुढे निघाला आणि त्याच्यामागे ती निघाली. चौदा वर्षांनी बाहेरची माती पायाला लागली, पण उंबरा पुढेच होता, म्हणून ती घरातच होती. तिच्यामागे हौसा, डोक्यावर चुलीचे तीन दगड घेऊन. धोंडाईला डोलीत बसवली होती, तिच्या मांडीवर देव आणि हातात निखाऱ्यांचं मडकं. पुढे चालण्याची भाषा केली होती, पण चढ बघून म्हातारीनं विचार बदलला म्हणे. घर डोंगर चढतंय हे बघायला अख्खं गाव मागं लागलं. माणसं खांदा बदलायला थांबली की ठकूही थांबायची, उंबऱ्याच्या पुढे एक बोट जायची नाही.

सड्यावर पोचल्यावर पहिल्याच जांभळीखाली उंबरा वाहणारे म्हणाले, "वैनी, हितं ठेवू?"

ठकू समोर बघत होती. सोनकीनं सगळा सडा पिवळा झाला होता. ती म्हणाली, "जरा फुडं."

तळ्याशी त्यांनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, अजून जरा. मोठ्या कातळाशी विचारलं, तिथंही तेच. घामाघूम झालेला एक जण म्हणाला, "वैनी, फुडं कोकण हाय, तितं घर न्यायचंय का?" सगळे हसले आणि ठकूही हसली, पण तिनं काही थांबा म्हटलं नाही. चौदा वर्षं जे नुसतं ऐकलं होतं ते एकदा पायाखाली घालून घ्यायचं होतं तिला. शेवटी कडा आला. खाली कोकण निळसर पसरलेलं, आणि हौसाच्या सासरची पायवाट तिथून उतरत होती. पुढे जागाच नव्हती, तेव्हा म्हणाली, "हां. हितं ठेवा."

निंबाजीनं उंबरा नीट पातळीत बसवला. ठकू अलीकडे बसली, चूल मांडली, धोंडाईनं निखारे घातले. हौसानं उखळात कुटून आणलेले नव्या भाताचे पोहे पातेल्यात काढले. गाव मात्र अवघडून उभं राहिलं. दरवर्षी आपापली शिदोरी घेऊन आपापल्या घोळक्यात बसणारी माणसं, आता दुसऱ्याच्या घरात उभी असल्यासारखी वाटत होती. काही जण कडेनं फिरून उंबऱ्याच्या पलीकडे गेले होते.

धोंडाई चुलीपासूनच ओरडली, "भाईर काय उभं ऱ्हायलाय? उंबऱ्यात थांबू नगा. घरात या."

तेव्हा बाकीचेही वळसा घालून पायवाटेच्या बाजूला गेले आणि एकेक जण उंबरा ओलांडून आत आला. ज्यांच्या शिदोऱ्या होत्या त्यांनी त्या ठकूच्या चुलीजवळ आणून ठेवल्या. हौसा सगळ्यांत शेवटी, मुद्दाम पलीकडे जाऊन, उजवा पाय टाकून आत आली आणि आईच्या मांडीला टेकून बसली. ठकूनं तिला पोहे भरवले, सोळा वर्षांच्या मुलीला, सगळ्यांदेखत. त्या दिवशी सड्यावर गावाची एकच पंगत झाली, आणि अशी ती पहिलीच.

ऊन उतरलं तेव्हा माणसं उंबरा उचलायला गेली. चौघांनी आणलेला दगड चौघांना हलेना. आठ जण लागले, तरी हलेना. देवीनं तो धरला असं सांगतात. माझे आजोबा म्हणत, एवढे पोहे खाल्ल्यावर सोळा जणांनाही दगड उचलवत नाही. काय खरं ते देवीला ठाऊक. पण ठकूचा चेहरा उतरला. उंबरा वर राहिला तर ती खाली कशी जाणार?

धोंडाई मात्र हसायला लागली. "आगं, मागं बघ," ती म्हणाली.

ठकूनं मागं वळून पाहिलं. उंबरा कड्याशी होता. त्याच्या आतल्या अंगाला सगळा सडा होता, तळं होतं, जांभळ होती, उतरणीची वाट होती, भाताची खाचरं होती, आणि सगळ्यांत खाली तिच्या घराच्या भिंती होत्या. यातलं काहीही उंबऱ्याबाहेर नव्हतं. तिचं घर त्या दिवशी दीड कोस लांब झालं होतं.

गुरव घाईनं देवळात गेला, तर उजवी पाकळी खाली पडलेली होती म्हणे.

तुळशीच्या लग्नापर्यंत महिनाभर होता. तो महिना मायलेकी घरातच हिंडल्या. सकाळी दवात, दुपारी ओढ्यावर, भात कापणीला खाचरात, संध्याकाळी तळ्याच्या काठी. आई पुढं आणि मुलगी मागं धापा टाकत. इतकी वर्षं हौसानं आईला सडा सांगितला होता, आता आई तिला दाखवत होती, आणि मुलीनं सांगितलेलं निम्मं चुकीचं होतं म्हणून तिला चिडवत होती. इतकं सुख आपल्या वाट्याला येईल असं ठकूला कधी वाटलं नव्हतं, आणि ते तिनं हातचं काही न राखता भोगलं.

मग लग्न झालं. वऱ्हाड कोकणात उतरताना सड्यावर आलं. हौसानं आईच्या गळ्यातले हात सोडवले आणि उंबरा ओलांडला. ठकू अलीकडे उभी राहिली. नवस फिटला होता.

पुढच्या आश्विनात हौसा माहेरी येणार होती. गाव सड्यावर जमलं, पंगत थांबली, वाट बघता बघता दुपार झाली. शेजारीण ठकूला म्हणाली, "आता तुला मोकळीक हाय. वलांड आन फुडं जाऊन बघ की, वाटंवर दिसतीय का."

ठकू हलली नाही. "पोर चढून येईल," ती म्हणाली, "तवा तिला आय घरात दिसाया पायजे."

ती पुढे पुष्कळ वर्षं जगली, पण तो उंबरा तिनं कधीच ओलांडला नाही असं सांगतात. तिच्या बिनउंबऱ्याच्या घराचं काही वाईट झालं नाही. उलट गावाला वाटू लागलं की आपण सगळेच त्या उंबऱ्याच्या आत राहतो, मग एका घराला इतके उंबरे कशाला? एकेकानं आपापला काढला.

आजही नव्याच्या पुनवेला गावातली दारं सताड उघडी टाकून सगळे सड्यावर येतात. चूल एकच मांडतात. सासरी गेलेल्या मुली येतात, हल्ली गावापर्यंत डांबरी रस्ता झाला आहे आणि जीप थेट घराशी येते, तरी त्या वळसा घालून कड्याच्या बाजूला जातात आणि उंबरा ओलांडूनच आत येतात. त्यांच्या आया अलीकडे बसलेल्या असतात, उठून पलीकडे कोणी जात नाही. आणि एखादीची मुलगी यायची राहिली असेल, तर पोहे तयार असले तरी सगळं गाव थांबतं.

तुम्ही पुनवेला या. आमच्या घरचे म्हणूनच या, फक्त त्या बाजूनं या.